मागे जायला गिअर नाही, थांबायला पेट्रोल नाही!

टोयोटा प्रियस या हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, हॅचबॅकच्या मागच्या सीटपाशी एक जाडजूड बॅटरी बसवलेली असते. २००३ साली आलेल्या मॉडेलमध्ये तिच्यात १६८ सेल होते आणि दाब दोनशे व्होल्टच्या वर होता. एवढा बारदाना मांडून ती साठवते किती? काठोकाठ भरली तर १.३ युनिट वीज. लिटरभर पेट्रोलात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे उष्णतेचा हिशेब लावला तर अख्ख्या बॅटरीची किंमत जेमतेम दीडशे मिलीलिटर पेट्रोल. एक कप, तोही हॉटेलातल्या मापाचा! त्यातही गाडीतला कॉम्प्युटर ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरूही देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवत ठेवतो, म्हणजे बॅटरी वर्षानुवर्षे टिकते.

आणि तरीही ही गाडी आपल्या मापाच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा एक तृतीयांशाच्या आसपास कमी पेट्रोल पिते. तेही कुठे प्लग न लावता, चार्जिंगला न थांबता. ज्यांच्या घरी 'किती ॲव्हरेज देते?' हा प्रश्न गाडीच्या रंगाआधी विचारला जातो, त्यांच्यासाठी ही गाडी फारच रंजक आहे. तिचे पोट जरा उघडून पाहू.

सिग्नलला वाया जाणारे ५४ वॅट-तास

१,४०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्या निव्वळ वेगात सुमारे ५४ वॅट-तास ऊर्जा असते. सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, की साध्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेक पॅड तापवण्यात जाते. ती पेट्रोल जाळूनच मिळवलेली होती. हिरवा दिवा लागला की पुन्हा पेट्रोल जाळून तेवढीच मिळवायची आणि पुढच्या चौकात पुन्हा तापवून टाकायची. शहरात गाडी चालवणे म्हणजे बरेचसे हेच.

हायब्रीडमध्ये ब्रेकवर पाय ठेवला की चाक फिरवणारी मोटर उलट काम करू लागते, जनरेटर बनते आणि त्या ५४ वॅट-तासांतला बराच भाग बॅटरीत परत टाकते. सगळा नाही, वाटेत गळती होतेच. म्हणून बॅटरी लहान असली तरी चालते. ती तिजोरी नाही, दुकानाच्या गल्ल्यातली सुटी रक्कम आहे: दिवसात शंभरदा येते, शंभरदा जाते.

थांबल्यावर इंजिन बंद, हे तर सगळ्यांना ठाऊक असते. पण २००३ च्या प्रियसपासून एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालू लागला, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. साध्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला इंजिन बंद केले तर दोन मिनिटांत घाम फुटतो. इथे इंजिन गप्प, पेट्रोल शून्य आणि एसी मात्र गार.

खंडाळ्याचा घाट आणि 'बी'चे गूढ

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. १,४०० किलो वजन तेवढे खाली आणले तर दोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. टायरचे घर्षण आणि हवेचा रोध आपापला वाटा घेतात, तरी उरते ती बॅटरीतल्या मोकळ्या जागेपेक्षा बरीच जास्त. म्हणजे खोपोलीचे दिवे दिसायच्या आधीच बॅटरी भरून बसणार. मग पुढे?

यासाठीच प्रियसच्या गिअरच्या दांड्यावर डी आणि आर यांच्या शेजारी 'बी' अशी खूण असते. ती लावली की इंजिन पेट्रोलाविना नुसते फिरवले जाते, आत हवा ओढून दाबते आणि गाडीला मागे खेचून धरते. लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून ही सोय आहे. पण बी म्हणजे बॅटरी, अशी समजूत करून घेऊन शहरातही कायम बी लावून फिरणारे चालक जगभर आहेत. जी ऊर्जा बॅटरीत जाऊ शकली असती ती इंजिन फिरवण्यात जाते आणि ॲव्हरेज वाढायच्या ऐवजी घटते. घाट संपला की डी.

स्टार्टर नाही, क्लच नाही, रिव्हर्स गिअर नाही

प्रियसचे मर्म म्हणजे इंजिन अधिक मोटर अशी साधी बेरीज नसून दातेरी चाकांची एक जुळणी आहे. मध्ये एक सूर्यचाक, भोवती फिरणारी ग्रहचाके आणि बाहेर एक कडे. ग्रहचाकांची चौकट इंजिनाला, सूर्यचाक लहान मोटर-जनरेटरला आणि बाहेरचे कडे मोठ्या मोटरला व चाकांना जोडलेले. ही तिन्ही टोके एकमेकांशी नेहमीच गुंतलेली असतात. गिअर बदलत नाहीत, कारण बदलायला गिअरच नाहीत. कोणाचा वेग किती ठेवायचा एवढेच कॉम्प्युटर ठरवतो.

याचा मजेदार परिणाम असा की गाडीत रिव्हर्स गिअर बसवायची गरजच उरली नाही. मागे जायचे तर मोठी मोटर उलटी फिरवायची, झाले. इंजिन सुरू करायचे काम लहान मोटर करते, म्हणून वेगळा स्टार्टर नाही. वीज तिथेच तयार होते, म्हणून अल्टरनेटर नाही. क्लच नाही, म्हणून क्लच प्लेट नाही. २००९ च्या प्रियसने आणखी पुढे जाऊन पाण्याचा पंपही विजेवर टाकला आणि इंजिनावरचा पट्टाच काढून टाकला.

आता हे गॅरेजच्या बिलात पाहा. मुंबई-पुण्याच्या गर्दीत साध्या गाडीची क्लच प्लेट कधी ना कधी घासून जाते. इथे ते कलमच नाही. ब्रेक पॅड कितीतरी जास्त टिकतात, कारण बहुतेक वेळा थांबवायचे काम मोटर करते. पण याचीही एक गंमत आहे. पॅड फारसे वापरले जात नाहीत म्हणून डिस्कवर गंज बसायला वाव मिळतो, आणि कोकणच्या पावसात तर नक्कीच. अधूनमधून, रस्ता मोकळा पाहून, जरा जोरात ब्रेक दाबणे हा त्यावरचा फुकटचा उपाय.

फुकट नसलेले भागही आहेत: इन्व्हर्टर, त्याला गार ठेवणारा पंप, ब्रेकचा इलेक्ट्रॉनिक संच. हे नाक्यावरच्या मेकॅनिकचे काम नव्हे. बॉनेटखाली नारिंगी रंगाची जाड केबल दिसली तर ती उच्च दाबाची असते, जगातल्या बहुतेक सगळ्या हायब्रीड गाड्यांत हाच रंग. तिला हात लावायचा नाही, ओळखीच्या मिस्त्रीलाही लावू द्यायचा नाही.

मुद्दाम अशक्त ठेवलेले इंजिन

प्रियसचे इंजिन आपल्या आकाराच्या मानाने कमी ताकदीचे असते, आणि तेच तर हवे होते. १८८२ साली जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने असे इंजिन बांधले की ज्यात वायू दाबण्याचा टप्पा आखूड आणि जळल्यावर फुगण्याचा टप्पा लांब होता. पेट्रोलातून जास्त काम निघते, पण ताकद कमी पडते. त्यामुळे मोटारींच्या जगाने शंभरेक वर्षे त्याकडे पाठ फिरवली. टोयोटाने व्हॉल्व्ह जरा उशिरा बंद करून तोच परिणाम साधला आणि कमी पडणारी ताकद मोटरकडून घेतली. २०१५ च्या प्रियसचे इंजिन पेट्रोलातल्या ऊर्जेपैकी ४० टक्के कामाला लावते, असे टोयोटाने तेव्हा जाहीर केले होते. पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा वाखाणण्यासारखा आहे. उरलेले साठ टक्के तरीही धुराड्यातून आणि रेडिएटरमधूनच जातात, हेही ध्यानात असू द्या.

गाडीत थर्मास

अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २००३ च्या, प्रियसमध्ये खरोखरचा थर्मास होता. तीन लिटरचा. इंजिनातले गरम पाणी, म्हणजे कूलंट, त्यात भरून ठेवले जाई आणि ते तीन दिवसांपर्यंत ऊबदार राही. सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते पाणी इंजिनात सोडायचे, म्हणजे थंड इंजिन जो धूर ओकते तो कमी. थंड इंजिन पेट्रोलही जास्त पिते, म्हणून तर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत कुठल्याही हायब्रीडचे ॲव्हरेज पडते. मुलांना शाळेत सोडले, घरी आले, तासाने भाजीला गेले, असा वापर असेल तर शोरूममधला आकडा विसरून जायचा.

एकच गाडी, तीन परीक्षा, तीन ॲव्हरेज

२००९ ची तिसऱ्या पिढीची प्रियस जपानच्या सरकारी चाचणीत लिटरला ३८ किलोमीटर देत होती. युरोपच्या चाचणीत तिचा आकडा आला शंभर किलोमीटरला ३.९ लिटर, म्हणजे लिटरला साडेपंचवीसच्या थोडे वर. अमेरिकेत तीच गाडी गॅलनला ५० मैल, म्हणजे २१ किलोमीटरच्या आसपास.

पेट्रोल तेच, गाडी तीच. फरक परीक्षकाचा. जपानच्या त्या जुन्या चाचणीत गाडी सव्वाचार किलोमीटरही धावत नसे, सरासरी वेग ताशी २२.७ किलोमीटर आणि कमाल वेग ७०. अमेरिकेने उलट २००८ च्या मॉडेलपासून परीक्षाच कडक केली: एसी चालू, थंडी, जास्त वेग. त्या फेऱ्यात आधी विकल्या गेलेल्या प्रियसचे शहरातले आकडेही कागदावर पुन्हा काढले गेले. ६० मैलांचे ४८ झाले. रस्त्यावरच्या गाडीला काहीच झाले नव्हते.

आपल्याकडचा ब्रोशरमधला आकडा बहुतेक वेळा पुण्याच्या वेताळ टेकडीवरून येतो. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था तिथे आहे आणि तिच्यामुळे पुणेकर त्या भागाला एआरएआय टेकडीच म्हणतात. चाचणीत गाडी रस्त्यावर नव्हे, रोलरवर धावते आणि आपल्या भारतीय चाचणी-चक्रात वेग ९० च्या वर जात नाही. चांदणी चौकातला खड्डा, पुढे आडवी आलेली रिक्षा आणि मागे बसलेले चार पाहुणे हे अभ्यासक्रमात नाहीत. त्यामुळे ब्रोशरचा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरावा, महिन्याचे बजेट मांडायला नव्हे.

अमेरिकेत तर एका हॅचबॅकने कंपनीला पैसे परत द्यायला लावले. फोर्ड सी-मॅक्स हायब्रीडच्या खिडकीवर गॅलनला ४७ मैलांची पाटी होती. नियमानुसार सारखे इंजिन आणि साधारण सारखे वजन असलेल्या दुसऱ्या मॉडेलचे, फ्यूजन हायब्रीडचे, निकाल तिला लावले होते. पण फ्यूजन बुटकी, लांबट सेदान आणि सी-मॅक्स उंच, पसरट. हवा कुणाचे नियम पाळत नाही. २०१३ साली पाटी ४३ वर आली, गाडी विकत घेतलेल्यांना ५५० डॉलर मिळाले, आणि पुढच्या वर्षी आकडा आणखी खाली, ४० वर आला.

हायवेला कमी, शहरात जास्त

आपण लहानपणापासून ऐकत आलो: शहरात पंधरा, हायवेला वीस. हायब्रीडमध्ये हे उलटते. २०१५ च्या शेवटी आलेल्या प्रियसचे अमेरिकी आकडे शहरात ५४ मैल, हायवेला ५०. कारण सोपे आहे. हायवेला ब्रेक नाही, थांबणे नाही, म्हणून परत मिळवायला काही नाही. नुसती हवा कापत जायचे.

आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलात तर तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर त्या वेगाने काढलेत तर तुमची महागडी हायब्रीड आणि शेजाऱ्याची साधी पेट्रोल गाडी यांच्यातला फरक बराच आटेल. म्हणूनच प्रियस तशी दिसते, नाक उतरते आणि पाठ कापल्यासारखी. दुसऱ्या पिढीचा हवारोधाचा गुणांक ०.२६ होता, तिसरीचा ०.२५, चौथीचा ०.२४. तिच्या दिसण्यावरून विनोद खूप झाले, पण ती पाठ पेट्रोल वाचवते.

शहरात जास्त, हायवेला कमी, या नियमाला एक सुरेख अपवाद होता. १९९९ ची होंडा इनसाइट. दोनच सीट, ॲल्युमिनियमचा सांगाडा, मागच्या चाकांवर झाकणे, तीन सिलिंडरचे एक लिटरचे इंजिन आणि वजन साडेआठशे किलोच्या आत. अमेरिकेत प्रियसच्या काही महिने आधी पोहोचलेली ही पहिली हायब्रीड. तिची मोटर छोटी, नुसती मदतनीस. कमाई मुख्यतः हलकेपणाची आणि आकाराची. तिचे मूळ अमेरिकी आकडे शहरात ६१ आणि हायवेला ७० मैल होते. तिच्यात सासूबाईंना बसवायला जागा नव्हती, म्हणून भारतीय कुटुंबात ती चालली असती की नाही, हा निराळा विषय.

एका टाकीत २,२४८ किलोमीटर

२००५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ पाच जणांनी आळीपाळीने एक साधी, काहीही फेरफार न केलेली प्रियस चालवली आणि एका टाकीत १,३९७ मैल काढले. म्हणजे २,२४८ किलोमीटर, लिटरला साडेसेहेचाळीस. युक्ती काय? हलकेच वेग वाढवायचा, मग ॲक्सिलरेटर असा सोडायचा की इंजिनही बंद आणि ब्रेकची वसुलीही बंद, गाडी नुसती घरंगळत जाते. वेग उतरला की पुन्हा तेच. बॅटरीत टाकून परत काढण्यातही तोटा होतो, त्यापेक्षा वेग वेगातच वापरलेला बरा. तासनतास, मंद गतीने, दोन दिवस. इतका संयम असलेली व्यक्ती पुण्याच्या रस्त्यावर मागच्यांचे हॉर्न ऐकूनच माघार घेईल, पण तत्त्व खरे आहे: जोरात ब्रेक दाबून 'वीज परत मिळाली' म्हणून खूश होणाऱ्यापेक्षा ब्रेकच लागू न देणारा पेट्रोल जास्त वाचवतो.

टाकी खोटे बोलते तेव्हा

ॲव्हरेज काढायची आपली पिढीजात पद्धत म्हणजे टाकी फुल करायची, मीटर शून्यावर आणायचा, पुन्हा फुल केली की भागाकार. अमेरिकेतल्या पहिल्या दोन पिढ्यांच्या प्रियसने ही पद्धतच निकालात काढली. पेट्रोलाची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून त्या टाकीच्या आत एक लवचीक पिशवी होती, जी पेट्रोल संपत जाईल तशी आकसायची. थंडीत ती कडक व्हायची आणि पूर्ण फुगायचीच नाही. त्यामुळे 'फुल' म्हणजे किती, हे हवामानावर ठरे. डिसेंबरात भरले तर ॲव्हरेज छान, मग पुढच्या वेळी अचानक घसरलेले, आणि चालक इंजिनाला दोष देत बसायचे. तिसऱ्या पिढीत ती पिशवी गेली.

पंधरा मोठे की तीस?

ही गोष्ट हायब्रीडच्या जाहिरातीत कधीच सापडणार नाही. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा. लिटरला १० देणारी जुनी जीप विकून १५ देणारी गाडी घेतली तर पेट्रोल १,२०० लिटरवरून ८०० वर येते, चारशे लिटर वाचतात. आता २० देणारी गाडी विकून ३० देणारी हायब्रीड घेतली. ६०० वरून ४०० वर. वाचले फक्त दोनशे. आकड्यातली उडी दुप्पट, बचत निम्मी!

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात नेमका हाच भ्रम मांडला होता. 'लिटरला किती किलोमीटर' हे माप लोकांना फसवते. 'शंभर किलोमीटरला किती लिटर' हे युरोपी माप सरळ खिशाशी बोलते. घरात दोन गाड्या असतील तर आधी जी जास्त पिते ती बदला. चांगल्या गाडीला आणखी चांगले करण्यात फारसे हाती लागत नाही.

बॅटरी गेली तर?

हा प्रश्न हायब्रीडबद्दल बोलताना पाचव्या मिनिटाला येतोच. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी मासिकाने २००१ साली नवी प्रियस तपासली होती, तेव्हा तिने गॅलनला ४०.६ मैल दिले. दहा वर्षांनी त्यांनी दोन लाख मैलांहून जास्त चाललेली, मूळ बॅटरीच असलेली २००२ ची प्रियस शोधून काढली आणि तेच प्रयोग पुन्हा केले. उत्तर आले ४०.४. कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये एका टॅक्सीवाल्याने पहिल्या पिढीची प्रियस दोन लाख मैलांपलीकडे पळवली, तर टोयोटाने ती गाडीच अभ्यासासाठी परत घेतली. अमेरिकेत २०२० च्या मॉडेलपासून या बॅटरीची हमी १० वर्षे किंवा दीड लाख मैल आहे.

बॅटरीचा खरा शत्रू वय आणि उष्णता. तिला गार ठेवणारा पंखा गाडीच्या आतली हवा ओढतो आणि त्याची जाळी मागच्या सीटपाशी असते. तिथे आपण काय ठेवतो? बॅग, चादर, कुत्र्याचे अंथरूण. जाळी धुळीने आणि केसांनी बुजली की बॅटरी तापते. दोन मिनिटांची सफाई, पण कुणी करत नाही.

आणि गाडी सकाळी सुरूच होत नसेल तर दोष बहुधा मोठ्या बॅटरीचा नसतोच. गाडीत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. इंजिन ती फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर जागा करते. ती उतरली की दोनशे व्होल्ट बाजूला असूनही गाडी ढिम्म. गावाला जाऊन महिनाभर गाडी उभी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

चोर आणि मंगोल

धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते. हायब्रीडचे इंजिन निम्मा वेळ बंद, म्हणून तिच्या कन्व्हर्टरमधले मौल्यवान धातू कमी झिजलेले. ही माहिती अभियंत्यांआधी चोरांना कळली. लंडनमध्ये आणि अमेरिकेत प्रियसखाली जॅक लावून मिनिटांत कन्व्हर्टर कापून नेण्याची लाटच आली होती. पेट्रोलात वाचवलेले एका रात्रीत गेले.

मंगोलियाची कथा याहून गोड. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, तरी उलानबातरच्या रस्त्यांवर जपानहून आलेल्या, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या जुन्या प्रियस जिकडेतिकडे दिसतात. करात सवलत हे एक कारण. दुसरे थंडी: उणे तीस अंशांत साधी गाडी स्टार्टरवर कुरकुरत राहते, हायब्रीडची मोटर इंजिन ताकदीने फिरवते आणि ते सुरू होते. तिथल्या चालकाला ॲव्हरेजइतकेच हेही महत्त्वाचे.

आणि आपल्याकडे?

२०१० साली प्रियस भारतात आली तेव्हा किंमत २६-२७ लाखांच्या घरात होती. त्या पैशात तेव्हा पेट्रोल वाचवायची गरज नसलेले लोकच गाडी घेत. २०१९ साली मारुतीने बलेनोवर 'स्मार्ट हायब्रीड' लिहिले, पण ती सौम्य जात: थांबल्यावर इंजिन बंद करायचे, उठताना थोडा हात द्यायचा. मोटरवर स्वतंत्रपणे चालणारी ती गाडी नव्हती. सध्या इथे तशी, म्हणजे स्ट्राँग, हायब्रीड मिळते ती बहुतेक एसयूव्ही, सेदान आणि मोठ्या कुटुंबाच्या गाड्यांत.

हॅचबॅक का नाही, याचे एक उत्तर करात दडले आहे. सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल हायब्रीडला १८ टक्के जीएसटी लागतो, पण गाडी चार मीटरांत आणि इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तरच. एक जरी अट मोडली की ४० टक्के. आता जपानमधली टोयोटा यारिस हायब्रीड पाहा. तिथल्या चाचणीत लिटरला ३६ किलोमीटर देणारी, आणि त्या चाचणीतून अतिवेगाचा टप्पा वगळलेला असतो हेही सांगून ठेवतो. लांबी चार मीटरांच्या आत, म्हणजे पास. इंजिन १,४९० सीसी, म्हणजे नापास. छोटी गाडी, मोठ्या गाडीचा कर.

आणि इथे तिचा खरा प्रतिस्पर्धी पेट्रोल गाडी नाहीच, सीएनजी आहे. वॅगन आर सीएनजी कागदावर किलोला ३४ किलोमीटर देते. डिकी सिलिंडरने भरलेली, पंपावर रांग, तरी मुंबईचा टॅक्सीवाला रांगेत उभा राहतो, कारण त्याने हिशेब केलेला असतो.

आपणही करू, पेट्रोल विरुद्ध हायब्रीड असा. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरा. साधी हॅचबॅक रस्त्यावर १६ देते, हायब्रीड २४ देते, आणि हायब्रीडला दोन लाख जास्त मोजले असे समजा. वर्षाला १० हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे २०,८०० रुपये वाचतात. दोन लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षे, व्याज सोडून. २५ हजार चालवणाऱ्याचे ५२ हजार वाचतात, चार वर्षांत काम फत्ते. ४० हजार चालवणारा अडीच वर्षांच्या आत मोकळा होतो आणि पुढचे सगळे नफ्यात.

तेव्हा गाडी बघायला जाण्याआधी स्वतःच्या गाडीचा मीटर बघा आणि तिच्या वयाने भागा. उत्तर दहा हजारांच्या आसपास आले तर साधी पेट्रोल हॅचबॅक घ्या आणि दोन लाख मुदत ठेवीत टाका. पंचवीस हजारांच्या वर, तेही शहराच्या गर्दीत, असेल तर हायब्रीडच घ्या. आणि मागच्या सीटपाशची ती जाळी तेवढी साफ ठेवा.